शाळेचे माध्यम कोणते? मराठी, इंग्रजी, गोंडी आणि घरची बोली

मे महिना संपत आला की आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी एकच प्रश्न येतो. पोरगी सहा वर्षांची झाली, आता घालायची कुठे? नगरपालिकेच्या मराठी शाळेत, की रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत, जिथे बूट-टाय आहे आणि फी हप्त्याने भरता येते? विचारणारी आई बहुधा सातवी-आठवीपर्यंत शिकलेली आणि घरकामाला जाणारी असते. तिला भाषाशास्त्र ऐकायचे नसते, पुढे पस्तावावे लागणार नाही असे उत्तर हवे असते. आम्ही कार्यकर्ते मात्र तिला दोन टोकांची उत्तरे देतो. एकजण म्हणतो, शिक्षण मातृभाषेतूनच हवे. दुसरा म्हणतो, इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही, बाबासाहेब कोलंबियात काय मराठीतून शिकले? दोघेही बाबासाहेबांचे नाव घेतात आणि ती बाई होती तिथेच राहते.

या विषयाची माहिती तुकड्या-तुकड्यांत मिळते. कायदा एकीकडे, इतिहास दुसरीकडे आणि व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड तिसरीकडे. ती एका जागी असावी म्हणून हा लेख लिहिला आहे. आमचे मतही त्यात आहे, ते लपवलेले नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

माध्यम म्हणजे ज्या भाषेतून गणित, विज्ञान, परिसर अभ्यास, इतिहास शिकवला जातो ती भाषा. विषय म्हणून शिकवली जाणारी भाषा वेगळी. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी हा विषय असतो, त्यामुळे शाळा इंग्रजी माध्यमाची होत नाही. हा फरक साधा वाटतो, पण चर्चेत तो सतत हरवतो. 'मराठी शाळेत इंग्रजी शिकवत नाहीत' असे आजही पालक सांगतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. ती किती चांगली शिकवली जाते हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

सेमी-इंग्रजी ही या दोन्हींमधली वाट. शाळा मराठी माध्यमाचीच, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बहुतेक ठिकाणी ते पाचवी-सहावीपासून किंवा आठवीपासून असते, काही ठिकाणी पहिलीपासूनच.

मातृभाषा हा शब्दही सरळ नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या आणि दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या १२१ भाषांची यादी केली गेली. एकोणीस हजारांतून एकशे एकवीसपर्यंत येताना अनेकांच्या घरातल्या भाषेचे नाव कागदावरून गेले. महाराष्ट्रात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ टक्के आहेत. उरलेल्यांमध्ये हिंदी, उर्दू, गुजराती, भिली, खानदेशी, तेलुगू, कन्नड, सिंधी, गोंडी, कोरकू, गोरमाटी अशा कितीतरी भाषा आहेत. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालवते. म्हणजे बहुभाषिकता आपल्याकडे गृहीतच आहे. ती शाळेच्या दारापर्यंत येते, वर्गात किती येते हे पाहायला हवे.

घरची मराठी आणि पुस्तकातली मराठी

मातृभाषेतून शिकणे सोपे, असे म्हणताना आपण धरून चालतो की मराठी माध्यमाच्या पुस्तकातली भाषा हीच मुलाच्या घरची भाषा आहे. आमच्या भागातले पोर घरी 'मले', 'तुले', 'कायले', 'जाऊन रायलो' बोलते. शाळेत ते तसेच बोलले की वर्ग हसतो. 'पानी' म्हटले की बाई 'पाणी' म्हणायला लावतात, चुकले तर पुन्हा म्हणायला लावतात. न आणि ण यावरून माणसाची जात आणि वस्ती ओळखण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. उच्चार सुधारण्याच्या नावाखाली सहा वर्षांच्या मुलाला पहिला धडा मिळतो तो असा : तुझ्या आईची भाषा चुकीची आहे. ते पोर मग हात वर करणे बंद करते. पुढे पाच वर्षांनी आपण म्हणतो, आपल्या मुलांत आत्मविश्वास नाही.

हे आजचे नाही. महात्मा फुल्यांनी रोखठोक बोलभाषेत लिहिले, तेव्हा 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली होती. मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा व्याकरण काढणे केव्हाही सोपे असते.

पुस्तकातल्या परिभाषेची अडचण आणखी वेगळी. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. अपवर्तन, प्रकाशसंश्लेषण, विस्थापन हे शब्द मराठी घरात कुणी बोलत नाही. ज्या घरात संस्कृत शब्दांची ये-जा आहे त्या मुलाला ते ओळखीचे वाटतात. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीला 'अपवर्तन' आणि 'रिफ्रॅक्शन' दोन्ही सारखेच परके. ती म्हणते, पाठच करायचे तर इंग्रजी शब्द पाठ करते, पुढे कामी तरी येईल. तिच्या या म्हणण्यावर आम्हाला अजून पक्के उत्तर सापडलेले नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली. कारण साधे होते. मराठीत २७ लिहिताना आधी दोन लिहायचे आणि बोलताना आधी सात म्हणायचे, यात लहान मुले गोंधळतात. त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मराठी बुडाली, संस्कृती गेली, इथपर्यंत गोष्टी गेल्या. विनोद भरपूर झाले. पण ज्या मुलांच्या घरी 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' समजावून सांगणारे कुणी नाही त्यांना याने मदत होते का, ही चर्चा फार थोड्यांनी केली.

ज्यांच्या घरी मराठी नाहीच

मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा गडचिरोलीतल्या गोंड मुलाला जिल्हा परिषदेची मराठी शाळा ही परभाषेची शाळा आहे. पहिलीच्या वर्गात मराठी ऐकू येते ती त्याला नव्याने शिकायची असते आणि त्याच वेळी त्या भाषेतून वाचन आणि गणितही शिकायचे असते. तांड्यावरचे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते, पारधी मुलाची भाषा आणखी वेगळी. ही मुले गळतात तेव्हा नोंदवहीत कारण 'स्थलांतर' किंवा 'पालकांची अनास्था' असे लिहिले जाते. भाषा हे कारण लिहायला बहुधा रकानाच नसतो.

गोंडी बोलणारे देशभरात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख आहेत, भिली बोलणारे एक कोटीहून अधिक. दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत आहेत आणि संस्कृत पहिल्या दिवसापासून अनुसूचीत आहे. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. सुरुवातीला १४ होत्या, १९६७ मध्ये सिंधी आली, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, २००३ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. संथाळी आणि बोडो आल्या त्या त्यांच्या लोकांच्या दीर्घ चळवळीमुळे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती विनापरवाना ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आपल्याकडे गावोगावी परवानगीच्या भानगडीत अडकलेल्या इंग्रजी शाळा बिनबोभाट चालतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला विरोधाभास सांगायची गरज नाही.

असे करता येते का? येते. ओडिशात २००७ पासून सौरा, कुई, कोया, जुआंग, संथाळी, मुंडा अशा दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शाळांत सुरुवात झाली. मुलाला आधी त्याच्या भाषेत वाचायला-लिहायला शिकवायचे, मग टप्प्याटप्प्याने ओडिया आणि इंग्रजीकडे न्यायचे, अशी पद्धत. शिकवण्यासाठी त्याच समाजातली माणसे घेतली गेली. शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण भाषेचा प्रश्न शेवटी शिक्षक कोण या प्रश्नापाशी येतो.

कायदा काय सांगतो

कार्यकर्त्यांनी चार तरतुदी लक्षात ठेवाव्यात. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा असे तो सांगतो. हा अनुच्छेद परराज्यातल्या मराठी माणसालाही लागू आहे. सुरतमध्ये खानदेशातून गेलेल्या कामगारांच्या मुलांसाठी तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना, धार्मिक असोत वा भाषिक, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो.

तिसरी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये आहे. शक्य असेल तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे ते म्हणते. 'शक्य असेल तेथवर' या शब्दांनी बरेच काही सोडून दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हीच शब्दयोजना आहे : शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी.

चौथी गोष्ट निकालाची. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांवर कन्नड किंवा मातृभाषेचे माध्यम बंधनकारक केले होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती आणि माध्यम कोणते हे सरकार लादू शकत नाही, ती निवड मुलाची आणि त्याच्या वतीने पालकांची. उलट दिशेचा प्रयत्नही झाला. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये सरकारी शाळा सरसकट इंग्रजी माध्यमाच्या करायचे ठरवले, तेव्हा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. थोडक्यात, सक्ती ना मातृभाषेची चालते, ना इंग्रजीची. पण निवडीचा हक्क आहे म्हणजे निवडायला काही आहे असे नाही. वस्तीपासून चालत जाता येईल अशी एकच शाळा असेल तर त्या बाईने काय निवडायचे?

तथागतांपासून बाबासाहेबांपर्यंत

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले, वाणीने गोड असे दोन भिक्खू भाऊ तथागतांकडे तक्रार घेऊन गेले. वेगवेगळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक भिक्खू झाले आहेत आणि आपापल्या बोलीत बोलून ते बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक भाषेच्या साच्यात, बसवू द्यावे असे त्यांचे म्हणणे होते. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, तसे करण्यास मनाई केली आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपल्या भाषेत, शिकण्याची मुभा दिली. 'आपल्या' म्हणजे कोणाच्या यावर मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांनी त्याचा अर्थ तथागतांची मागधी असा लावला, आधुनिक काळातल्या बऱ्याच अभ्यासकांनी शिकणाऱ्याची भाषा असा लावला. आमच्या दृष्टीने तक्रारीचे शब्द महत्त्वाचे आहेत. भाषा बिघडते ही तक्रार तेव्हाही जात-कुळाचा उल्लेख करूनच केली गेली होती.

मज्झिमनिकायातल्या अरणविभंग सुत्तात दुसरी बाजू येते. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे आहेत. माझाच शब्द खरा असा हट्ट धरू नये, आणि सर्वांना समजणारी रूढ भाषाही मोडू नये, असा उपदेश तिथे आहे. घरची बोली की प्रमाणभाषा या भांडणात आम्हाला ते सुत्त अनेकदा आठवते.

इंग्रज आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. १८३५ चे मेकॉलेचे टिपण सर्वांना माहीत असते. मुंबई इलाख्यातला वाद तितका माहीत नसतो. १८४० च्या दशकात इथल्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने असा जोरात झगडा झाला. जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने तडजोड काढली : सामान्य लोकांसाठी देशी भाषा, वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी. आज आपल्या शहरात जी दुहेरी व्यवस्था दिसते तिचा पाया तिथे आहे. वरची भाषा वरच्यांना आणि खालची खालच्यांना.

जोतीरावांनी नेमके यावर बोट ठेवले. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की सरकार पैसा उच्च शिक्षणावर आणि वरच्या वर्गावर खर्च करते, तो शेतसाऱ्याच्या रूपाने देणारा शेतकरी मात्र अक्षराला मुकतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. ते निवेदन त्यांनी इंग्रजीत दिले. लोकांसाठी 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत लिहिले. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असे सांगणाऱ्या कविता आहेत, आणि त्या कविता मराठीत आहेत.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः आत्मसात केले. भाषा हे दार असते आणि त्या दाराला कुलूप कोण लावतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत ते सत्तेशी इंग्रजीत बोलले, आणि 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे मराठीत चालवली. आपल्यातले मराठीवाले आणि इंग्रजीवाले बाबासाहेबांचा अर्धा-अर्धा भाग घेऊन भांडतात, ते यामुळे.

एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती सहसा वगळली जाते. १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी एक राज्य एक भाषा हे तत्त्व मान्य केले, पण प्रादेशिक भाषा ही राज्याची राजभाषा होऊ नये, ती हिंदी असावी आणि देश त्यास तयार होईपर्यंत इंग्रजी असावी, असे मत मांडले. भाषावार राज्ये पुढे स्वतंत्र राष्ट्रे होण्याची भीती त्यामागे होती. हे राज्यकारभाराच्या भाषेबद्दल आहे, पहिलीच्या वर्गाबद्दल नाही. तेव्हा आजच्या हिंदी सक्तीच्या समर्थनासाठी ते वाक्य वापरणे चूक, आणि बाबासाहेब निव्वळ मराठीवादी होते असे ठोकून देणेही चूक.

इंग्रजीची ओढ आणि तिचा हिशेब

दलित समाजात इंग्रजीबद्दल जी ओढ आहे तिला न्यूनगंड म्हणणे हा उद्धटपणा आहे. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० मध्ये इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. त्यामागे असलेले विचारवंत चंद्रभान प्रसाद मेकॉलेचा वाढदिवसही साजरा करतात. बौद्ध म्हणून देवीची कल्पना आम्हाला पटत नाही, पण तिच्यामागचा राग समजतो. जातीचा वास नसलेली भाषा म्हणून इंग्रजीकडे पाहिले जाते. त्या भाषेत न-ण नाही.

मातृभाषेच्या आग्रहाबद्दलचा संशयही निराधार नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर काळ्या मुलांना प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकवणे वाढवले गेले, आणि त्यामागचा हेतू त्यांना मजुरीपुरते शिकवून आपल्या जागी ठेवण्याचा होता. पुढे अर्धे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती आली तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोची मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एकाच राजवटीने मातृभाषा आणि परकी भाषा अशी दोन्ही हत्यारे वापरली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका आईला मराठी शाळेचे महत्त्व पटवत होतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, तुमचे लेकरं कोन्त्या शाळेत हायेत?" आमच्यापैकी तिघांची मुले इंग्रजी शाळेत होती. त्यानंतर आम्ही सल्ल्याची भाषा बदलली.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आम्ही डोळ्यांनी पाहतो. कमी फीच्या इंग्रजी शाळेत शिक्षिकेला स्वतःला इंग्रजी सफाईने येत नाही. ती प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहिते, मुले उतरवतात, घोकतात. वर्गात बोलणे हिंदी-मराठीतच चालते, परीक्षा इंग्रजीत. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी चौथीपर्यंत अशा शाळेत होती. वडिलांचे काम सुटले, फी थकली, दाखला अडला, शेवटी पाचवीला ती मराठी शाळेत आली. तिला जोडाक्षरे वाचता येत नव्हती आणि इंग्रजी परिच्छेद अक्षर न चुकता उतरवता यायचा, पण त्याचा अर्थ सांगता यायचा नाही. चार वर्षांची फी भरून तिच्याकडे एकही भाषा पूर्ण नव्हती. त्या घरावर बचत गटाचे कर्ज होते ते शाळेच्या फीचेच.

याचे कारण अभ्यासकांनी सांगितलेले आहे. कॅनडातले जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवले की नव्या भाषेत गप्पा मारता येऊ लागण्यास साधारण दोन वर्षे पुरतात, पण त्या भाषेत विचार करून अभ्यास करता येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तीही भोवताली दिवसभर ती भाषा असताना. आपल्या मुलाच्या भोवती इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी संपते. कमिन्स यांचा दुसरा मुद्दा असा की पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन-आकलन दुसऱ्या भाषेत उतरते. म्हणून आधी एक भाषा पक्की, आणि तिच्या जोडीने दुसरी उत्तम शिकवलेली, हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो. मात्र 'उत्तम शिकवलेली' हे गाळून फक्त पहिला अर्धा भाग गरिबांना सांगणे ही फसवणूक आहे.

सेमी-इंग्रजीचे फायदे अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर दिसतात, शब्द ओळखीचे असतात. पण पहिलीपासून गणित इंग्रजीत घेतले तर बेरीज येते आणि शाब्दिक उदाहरणापाशी मूल अडते. गणित कच्चे आहे असा शेरा मिळतो, कच्चे असते वाचन.

२०२५ चा वाद

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विरोध झाल्यावर १७ जूनच्या निर्णयात 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' आले. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी असण्याची अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे नको हा विरोध आम्हाला योग्य वाटला. पण त्या महिन्यांच्या सगळ्या भाषणांत गोंडी, कोरकू, गोरमाटी हे शब्द जवळजवळ ऐकू आले नाहीत. मराठीवर हिंदी लादली जाते याचा राग ज्यांना आला त्यांना मेळघाटातली मराठी शाळा कशी वाटत असेल हे सुचले नाही.

जाता जाता पालीबद्दल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. राज्य मंडळाच्या दहावीला पाली हा विषय घेता येतो. तुमच्या तालुक्यात किती शाळांत तो शिकवायला शिक्षक आहे, हे विचारून पाहा.

प्रवेशाच्या वेळी काय पाहावे

आम्ही आता पालकांना माध्यमापासून सुरुवात करू देत नाही. आधी शाळेत जाऊन बसायला सांगतो. पहिलीच्या बाई मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात? मूल घरच्या बोलीत बोलले तर रागावतात की ऐकून घेतात? तिसरीच्या मुलाला न शिकवलेला परिच्छेद देऊन त्याचा अर्थ विचारा, मग ते पुस्तक कोणत्याही भाषेतले असो. किती वर्गांना मिळून किती शिक्षक आहेत ते मोजा. इंग्रजी शाळा असेल तर पाचवी-सहावीची फी आजच विचारा, पहिलीची नव्हे. विनाअनुदानित खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळत असेल, तर घरी इंग्रजीला आधार कोण देणार हे आधी ठरवा. विहारातली अभ्यासिका तो आधार देऊ शकते, आमच्याकडे दोन पदवीधर मुली संध्याकाळी तेच करतात.

आणि मूल नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आमच्या वस्तीतल्या शाळेत ही समिती कित्येक वर्षे फक्त सह्यांपुरती होती. गेल्या वर्षी पाच आया एकत्र जाऊन बसल्या. त्यांनी पहिली मागणी केली ती इंग्रजी माध्यमाची नव्हती. इंग्रजी शिकवणारे शिक्षक दोन वर्षांपासून नाहीत, ते पद भरा, अशी होती. पद अजून भरलेले नाही. जुलैमध्ये पुढची सभा आहे.